उभी गाडी बिघडते कशी?

मामांची येझदी पडवीत उभी राहिली तेव्हा तिला काहीही झालेलं नव्हतं. १९९८ सालची गोष्ट. सकाळी मामा तिच्यावरून मिरजेच्या मार्केटात जाऊन आले, गाडी स्टँडवर लावली, पेट्रोलचा कॉक बंद केला आणि वर एक जुनी चादर टाकली. घरात जास्त अ‍ॅव्हरेज देणारी नवी गाडी आली होती. बावीस वर्षांनी ती चादर मी काढली. किक मारायला गेलो, तर पाय दगडावर ठेवल्यासारखा. मामा खुर्चीत बसून बघत होते. म्हणाले, "अरे, बिघडेल कशी? चालू गाडी उभी केलीय मी."

मामांचा प्रश्न रास्त होता. चालवून गाडी झिजते हे कोणालाही कळतं. चेन सैल होते, टायर गुळगुळीत होतात, क्लचप्लेटा घासतात. पण न चालवता? माळ्यावर ठेवलेली पितळी कळशी वीस वर्षांत काळवंडते, पण घासून काढली की पाणी भरायला लागते. मग गाडीलाच असं काय होतं?

या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधताच ती गाडी मी दोन वर्षांत, सुट्टीच्या दिवशी, त्याच पडवीत पुन्हा चालती केली. तेव्हा एक गोष्ट पक्की कळली. जुनी गाडी घरी दुरुस्त करायची तर हातात पाना घेण्याआधी उभ्या गाडीत काय काय घडत राहतं ते समजून घ्यावं. ते समजलं की आधी काय खोलायचं, कशाला हात लावायचा नाही आणि पैसे कुठे घालायचे, हे वेगळं शिकावं लागत नाही.

गाडीची जातकुळी

आधी गाडीची ओळख. प्रागच्या फ्रान्तिशेक यानेचेक यांनी १९२९ साली वांडरर या जर्मन कंपनीचा मोटरसायकलचा उद्योग विकत घेतला. दोन्ही नावांची पहिली अक्षरं जोडून 'जावा' हे नाव तयार झालं. चेक लोक त्याचा उच्चार 'यावा' करतात. भारतात ही गाडी रुस्तम इराणी यांनी आणली. त्यांच्या आयडियल जावा कंपनीच्या म्हैसूरच्या कारखान्यात १९६१पासून ती तयार होऊ लागली. १९७३पासून तीच गाडी 'येझदी' या नावाने विकली जाऊ लागली. हे नाव इराणमधल्या यझ्द शहरावरून घेतलेलं आहे. १९९६ साली कारखाना बंद पडला. २०१८पासून जावा नावाच्या नव्या गाड्या पुन्हा रस्त्यावर दिसतात, पण त्यांचं इंजिन फोर-स्ट्रोक, सर्वस्वी वेगळं आहे.

मामांची गाडी १९७६ची, टू-स्ट्रोक. सिलिंडर एकच, पण सायलेन्सर दोन. बोर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ६५ मिलिमीटर, पिस्टनची वरखाली चाल ७५ मिलिमीटर. यावरून हिशेब केला की २४९ घनसेंटिमीटरच्या आसपास आकडा येतो, म्हणून ती 'अडीचशे'ची गाडी. किक आणि गिअर दोन्हींना दांडा एकच. तो आत दाबून मागे फिरवला की किक होते, पुढे आणला की गिअर. ज्यांनी ही गाडी कधी चालवलेली नाही ते पहिल्यांदा गोंधळतातच. एक सोय मात्र मोठी आहे. हिचे आटे मेट्रिक मापाचे, त्यामुळे घरातले नेहमीचे पाने चालतात. जुन्या बुलेटच्या वाट्याला जाल तर इंची पाने शोधत फिरावं लागतं.

टाकी श्वास घेते

पहिला शत्रू पाणी. पडवीत पाऊस येत नव्हता, चादरही होती, मग पाणी आलं कुठून? हवेतून.

अर्धी रिकामी टाकी रोज श्वास घेते. दुपारी तापली की आतली हवा फुगते आणि झाकणाच्या बारीक भोकातून थोडी बाहेर जाते. रात्री टाकी गार झाली की बाहेरची दमट हवा आत ओढली जाते. पहाटे गार पत्र्यावर त्या हवेतली वाफ दवासारखी जमते. थंड पाण्याचा तांब्या बाहेर ठेवला की त्याला जसा घाम येतो, तसंच हे. फरक इतकाच की टाकीला घाम आतून येतो. पेट्रोल पाण्याहून हलकं, म्हणून हे थेंब ओघळून पेट्रोलच्याही खाली, तळाशी जाऊन बसतात. तिथून ते कधी उडत नाहीत. एका रात्रीत आलेलं पाणी थेंबभरही नसेल, पण रात्री आठ हजार होत्या.

लोखंड, प्राणवायू आणि पाणी एकत्र आले की गंज होतो. हवेत मीठ असेल तर फार लवकर होतो. म्हणून कोकणात आणि गोव्यात समुद्राजवळ उभी असलेली गाडी देशावरच्या गाडीपेक्षा निम्म्या काळात खराब झालेली दिसते. गंजाचा आणखी एक गुण लक्षात ठेवण्यासारखा आहे. तो ज्या लोखंडापासून होतो त्याच्यापेक्षा जास्त जागा व्यापतो. पावसाळ्यात लाकडी दार फुगून चौकटीत घट्ट बसतं, तसा गंजलेला बोल्ट आपल्याच आट्यांत फुगतो. आता जोर लावला की नट निघत नाही, बोल्टचं डोकं मोडतं. त्याला मुरवणारं तेल लावून दोन दिवस थांबायचं, थोडं घट्ट करायचं, थोडं सैल करायचं. घट्ट करायला आलेला बोल्ट सुटायलाही येतो. घाई करणाऱ्याचं एकेका बोल्टपायी आठवडाभराचं काम वाढतं.

टाकीतला गंज काढायला महाराष्ट्रात एक फार चांगला पदार्थ मिळतो, तो म्हणजे साखर कारखान्याची मळी. एक भाग मळी आणि नऊ भाग पाणी असं मिश्रण टाकीत भरून ठेवायचं. मळीतले काही घटक गंजलेल्या लोखंडाला धरून पाण्यात ओढतात, चांगल्या लोखंडाला मात्र जवळजवळ हात लावत नाहीत. काम सावकाश होतं, आठवडा-दोन आठवडे लागतात, वास भयंकर येतो, पण पत्रा वाचतो. घाई असेल तर लिंबूसत्व वापरावं, लिटरभर गरम पाण्याला ५० ग्रॅम. चिंचेने तांब्याची भांडी उजळतात त्याच जातीची ही क्रिया. मात्र नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने टाकी आतून धुवून आंबटपणा मारावा लागतो आणि लगेच वाळवून तेलाचा हात फिरवावा लागतो. नुकतं साफ झालेलं ओलं लोखंड अर्ध्या तासात पुन्हा तांबूस पडतं, हे मी स्वतः पाहिलं आहे. मळीत अ‍ॅल्युमिनियमचे भाग चुकूनही टाकू नयेत, ते खाल्ले जातात.

टाकीला भोक पडलं असेल तर ती घरी डागू नये. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक असते. पेटते ती पेट्रोलची वाफ, आणि हवेत मिसळलेली ती वाफ स्फोट करते, आणि रिकाम्या टाकीत तीच भरलेली असते. वास येत नाही म्हणून वाफ नाही, असं समजू नये. हे काम करणाऱ्या जाणत्या माणसाकडेच टाकी द्यावी.

पेट्रोलचा गोंद

दुसरा शत्रू खुद्द पेट्रोल. आपण त्याला एक पदार्थ समजतो, पण ते हलक्या-जड अनेक पदार्थांचं मिश्रण आहे. जे हलके आहेत ते आधी उडून जातात. गार इंजिन पहिल्या किकला चालू होतं ते या हलक्या घटकांच्या जोरावर, म्हणून वर्षभर पडून राहिलेलं पेट्रोल पेटतं पण गाडी उचलत नाही. मागे उरलेले जड घटक हवेतल्या प्राणवायूशी जोडले जाऊन चिकट होतात. स्वयंपाकघरातल्या पंख्याच्या पात्यावर तेलाचा पिवळा चिकट थर बसतो ना, जो नखाने खरवडूनही निघत नाही? कार्बोरेटरमध्ये तोच बसतो.

कार्बोरेटरचं काम समजलं की हा थर किती महागात पडतो ते कळेल. पेट्रोल एकटं नीट जळत नाही. वजनाने एक भाग पेट्रोलला चौदा-पंधरा भाग हवा लागते. इंजिन हवा ओढतं, ती कार्बोरेटरच्या अरुंद गळ्यातून वेगाने जाते, आणि जिथे वेग वाढतो तिथे दाब कमी होतो. खालच्या वाटीतलं पेट्रोल त्या कमी दाबाकडे एका पितळी भोकातून वर ओढलं जातं आणि फवाऱ्यासारखं हवेत मिसळतं. गुलाबदाणीला नळी लावून फुंकर घालावी, तसं. या पितळी भोकाला जेट म्हणतात. किती पेट्रोल जाणार हे ते भोकच ठरवतं, आणि ते एक मिलिमीटरपेक्षाही बारीक असतं. भोकाचा व्यास दहा टक्क्यांनी कमी झाला तर त्याचं तोंड एकोणीस टक्क्यांनी लहान होतं. म्हणजे डोळ्याला दिसणारही नाही एवढ्या थराने इंजिनाचं पाचव्या हिश्शाचं पेट्रोल तोडलं जातं.

म्हणून जेट साफ करायचा तो थिनरमध्ये भिजवून आणि हवेच्या झोताने. तार घालून नाही. पितळ मऊ असतं, तारेने भोक मोठं होतं आणि मग गाडी कायमची जास्त पेट्रोल पिते. मुंबईच्या चोरबाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात मिळणारे बरेच जुने कार्बोरेटर असेच तारेने कोरलेले असतात, बाहेरून कितीही चकचकीत दिसले तरी.

इथे आजच्या पेट्रोलबद्दल सांगायला हवं. आता पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतलं पाणी शोषून घेतं आणि जुन्या काळच्या रबराला फुगवतं, मऊ करतं. १९७६ सालच्या गाडीची रबरी नळी आणि वायसर या पेट्रोलसाठी केलेले नव्हते. नळी इथेनॉल सोसणारी घ्यावी, आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्बोरेटरची वाटी दोन्ही रिकाम्या कराव्यात.

लोहाराचा भाता

आता मुख्य गोष्टीकडे येतो. टू-स्ट्रोक गाडीत सगळ्यात जास्त चुकीची निदानं इथेच होतात.

फोर-स्ट्रोक इंजिनाच्या तळाशी तेल असतं. टू-स्ट्रोकमध्ये तिथे तेल भरलेलं नसतं. तिथून पेट्रोल-हवेचं मिश्रण जातं. पिस्टन वर गेला की त्याच्या खालच्या पोकळीत जागा होते आणि कार्बोरेटरमधून मिश्रण आत ओढलं जातं. पिस्टन खाली आला की तेच मिश्रण दाबलं जाऊन बाजूच्या वाटांनी वरच्या खोलीत चढतं, आणि जाता जाता जुना धूर सायलेन्सरकडे ढकलतं. पिस्टनच्या वर स्फोट चालू असतो आणि खाली भाता चालू असतो, एकाच वेळी. म्हणून हिला व्हॉल्व्ह नाहीत, म्हणून ती साधी, आणि म्हणूनच तिचं सगळं त्या भात्यावर अवलंबून.

लोहाराच्या भात्याचं कातडं फाटलं तर लाकडी फळ्या कितीही मजबूत असोत, वारा निघत नाही. इथे कातड्याचं काम ऑइलसील करतात. क्रँकचा दांडा इंजिनाच्या दोन्ही बाजूंना बाहेर येतो, डाव्या बाजूला क्लचकडे आणि उजव्या बाजूला डायनामोकडे. तिथून हवा जाऊ-येऊ नये म्हणून रबरी ओठांच्या या गोल कड्या बसवलेल्या असतात. फिरत्या दांड्यावर तेलाचा पातळ थर राहिला तरच त्यांचे ओठ मऊ राहतात. गाडी वीस वर्षं उभी राहिली की रबर वाळतं, कडक होतं, तडकतं. वाळलेल्या चपलेसारखं.

मग काय होतं? क्लचच्या बाजूचं सील गेलं तर भाता गिअरबॉक्सचं तेल ओढून जाळतो. मागे पांढऱ्या धुराचा लोट उठतो आणि लोक म्हणतात, "रिंगा गेल्या." पिस्टनच्या रिंगा चांगल्या असतात. डायनामोच्या बाजूचं सील गेलं तर हवा ओढली जाते, मिश्रणात पेट्रोलचं प्रमाण घटतं, इंजिन वाजवीपेक्षा जास्त तापतं. अ‍ॅक्सिलरेटर सोडला तरी गाडी भुर्र्र करत राहते. हे जास्त वाईट. या मिश्रणातल्या पेट्रोलबरोबरच तेलही येत असतं, आणि क्रँकच्या बेअरिंगला, पिस्टनला दुसरं कुठलंही तेल मिळत नाही. पेट्रोल कमी म्हणजे तेलही कमी.

इथे धातूंचा एक स्वभाव आड येतो. पिस्टन अ‍ॅल्युमिनियमचा, बाहेरचा ब्लॉक बिडाचा. सारखीच उष्णता मिळाली तर अ‍ॅल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. दोघांमधली जागा केसाच्या जाडीएवढी. इंजिन बेसुमार तापलं की पिस्टन फुगून भिंतीला चिकटतो, मागचं चाक अडकतं आणि माणूस पडतो. म्हणून माझं ठाम मत आहे की उभी राहिलेली टू-स्ट्रोक गाडी चालू झाली तरी सील बदलल्याशिवाय रस्त्यावर नेऊ नये. वस्तू स्वस्त आहे, पण ती बदलायला इंजिन बरंच खोलावं लागतं. हेच कारण सांगून गॅरेजवाले टाळतात आणि आपणही टाळतो.

मामांच्या गाडीचा पिस्टन मात्र फुगून नव्हता अडकला. धूर जाण्याची वाट उघडी राहील अशा जागी तो थांबला होता. सायलेन्सरमधून बावीस पावसाळ्यांची दमट हवा थेट सिलिंडरपर्यंत येत राहिली आणि रिंगांच्या रेषेवर गंजाची कडी तयार झाली. अशा वेळी किकवर उभं राहून नाचू नये. किकच्या गिअरचे दात मोडतात आणि पिस्टन तिथेच राहतो. प्लग काढायचा, भोकातून डिझेल आणि पातळ तेल सोडायचं, आठवडाभर मुरू द्यायचं. मग बाहेरून ब्लॉकला गरम पाण्याच्या फडक्यांनी शेक द्यायचा. बीड फुगून जागा सुटते. इथे तोच धातूंचा स्वभाव आपल्या बाजूने वापरायचा. अकराव्या दिवशी पिस्टन सुईएवढा हलला, तेव्हा पडवीत मी आणि मामा दोघंच होतो आणि दोघंही काही बोललो नाही.

ब्लॉकच्या भिंतीवर गंजाने खड्डे पडले असतील तर लेथवाल्याकडून बोर करून घ्यावा लागतो. बोर थोडा मोठा होतो, बहुधा पाव मिलिमीटरच्या पायरीने, आणि त्याच मापाचा जास्त जाडीचा पिस्टन घालतात. आधी पिस्टन हातात आणा, मग त्याच्या मापाने बोर करा. उलटं केलं तर मोठी अडचण होते, कारण हव्या त्या मापाचा पिस्टन मिळेलच याचा भरवसा नाही.

चौकट : खोलण्याआधी

*प्रत्येक भाग सोडण्याआधी मोबाइलवर त्याचा फोटो घ्यावा, तारांचे तर दोन बाजूंनी. एका जागचे नट-बोल्ट एका डबीत, डबीवर चिठ्ठी. ब्रेक ड्रममधली धूळ फुंकू नये आणि हवेने उडवू नये. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं आणि ते फुप्फुसात गेलेलं कधी निघत नाही. ओल्या फडक्याने पुसावी आणि फडकं टाकून द्यावं. टायरची नक्षी चांगली दिसली तरी विश्वास ठेवू नये. नवा घेताना त्यावरचा चार आकडी शिक्का वाचावा. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा.*

सहा व्होल्टची ठिणगी

बॅटरी सहा व्होल्टची. प्लगच्या टोकांमधल्या ०.६ मिलिमीटर हवेतून ठिणगी उडायला मात्र हजारो व्होल्ट लागतात. ही उडी कशी मारली जाते?

नळ जोरात वाहत असताना एकदम बंद केला तर पाइपात धाडकन आवाज येतो. धावतं पाणी थांबायला तयार नसतं आणि त्याच्या वेगाचा दाब होतो. इग्निशन कॉइलमध्ये विजेचं असंच होतं. कॉइलच्या जाड तारेतून वीज वाहत असते आणि तिच्याभोवती चुंबकी प्रभाव उभा असतो. पॉइंट नावाचा छोटा स्विच क्षणात उघडतो, वीज तुटते, तो प्रभाव कोसळतो, आणि शेजारी हजारो वेढ्यांच्या बारीक तारेत प्रचंड व्होल्टेजचा धक्का उठतो. तोच प्लगपर्यंत जातो. इंजिन मिनिटाला ४००० फेऱ्या घेत असेल तर हा नळ सेकंदाला सहासष्ट-सदुसष्ट वेळा उघडतो आणि बंद होतो.

उभ्या गाडीत पॉइंटच्या तोंडावर मळकट पापुद्रा चढतो आणि वीज पुढे जातच नाही. बारीक पॉलिश पेपरने तो घासावा आणि फीलर गेजने, म्हणजे ठरावीक जाडीच्या पोलादी पट्ट्यांच्या जुडग्याने, फट ०.४ मिलिमीटर करावी. पॉइंटच्या जोडीला कंडेन्सर असतो. पॉइंट उघडताना मागे वळलेली वीज तो झेलतो, नाहीतर ती पॉइंटच्या फटीतच ठिणगी पाडून वाया जाते आणि पॉइंट जाळते. कंडेन्सर बाहेरून अगदी चांगला दिसतो आणि आतून मेलेला असतो. पॉइंटवर मोठी ठिणगी आणि प्लगवर पिवळी, अशक्त ठिणगी दिसली तर तो बदलावा. प्लगवरची ठिणगी निळसर आणि कडक आवाजाची हवी.

'सहा व्होल्टच्या गाड्यांचा दिवा मिणमिणताच' असं सगळे म्हणतात. थोडं खरं आहे, पण दोष बहुतेक वेळा सांध्यांचा असतो. पंचवीस वॅटचा दिवा सहा व्होल्टवर चार अँपिअरहून जास्त वीज ओढतो. एखाद्या गंजलेल्या सांध्यात अर्धा व्होल्ट गेला तर तो सहाचा बारावा हिस्सा झाला, आणि तेवढ्याने दिव्याचा प्रकाश जवळजवळ पाव भागाने घटतो. असे सांधे चार-पाच असतात. सगळे घासून नवे केले तेव्हा मामांच्या गाडीचा दिवा पडवीतून रस्त्यापलीकडच्या भिंतीवर पडला. बारा व्होल्टची यंत्रणा बसवण्याचा सल्ला मला अनेकांनी दिला होता. मी ऐकला नाही, याचं समाधान आहे.

रंग शेवटी

बहुतेक लोक रंगापासून सुरुवात करतात, कारण रंग दिसतो. मला हे चुकीचं वाटतं. रंगवलेली गाडी चालू करताना पुन्हा खोलावी लागते आणि नव्या रंगावर पेट्रोल सांडतं. शिवाय मूळ रंग एकदाच असतो. कारखान्यात मारलेला रंग आणि टाकीवरची हाताने ओढलेली सोनेरी रेघ थोडी विटली असेल, पण शाबूत असेल, तर ती पुसून काढू नये. साबणाच्या पाण्याने धुवावी, मेण लावावं, आणि आहे तशी राहू द्यावी. तशी रेघ नव्याने ओढणारे हात आता फार थोडे उरले आहेत.

चौकटीला मात्र गंज धरला होता, म्हणून ती पावडर कोटिंगला दिली. परत आली ती फार सुंदर. तारा जोडल्या, बॅटरी लावली, आणि एकही दिवा लागेना. दोन दिवस कॉइल, स्विच, डायनामो तपासत बसलो. कारण साधं होतं. या गाडीत वीज तारेतून जाते, पण परत येते ती चौकटीच्या लोखंडातून. पावडरचा थर विजेला अडवतो, आणि मी प्रत्येक सांधा त्या थरावर घट्ट बसवला होता. अर्थिंगच्या जागा घासून लोखंड उघडं केलं, तेव्हा सगळे दिवे लागले.

निकेल-क्रोमबद्दल एवढंच सांगतो. चकाकी क्रोमची असली तरी संरक्षण खालच्या निकेलच्या थराचं असतं. स्वस्तात केलेल्या कामात तोच थर पातळ असतो आणि पहिल्या पावसाळ्यात मडगार्डवर तांबूस ठिपके येतात. दर विचारताना निकेल किती वेळ चढवणार, हे विचारावं.

पहिली किक

इंजिन चालू व्हायला तीन गोष्टी लागतात. योग्य मिश्रण, वेळेवर ठिणगी आणि पुरेसा दाब. चौथी गोष्ट टू-स्ट्रोकवाले विसरतात, ती म्हणजे धुराला वाट. सायलेन्सरच्या आतल्या जाळीवर आणि धूर निघण्याच्या तोंडावर तेलाची काजळी जमून दगड झालेली असते. जुना धूर बाहेर पडला नाही तर नवं मिश्रण आत येणार कुठे? जुन्या गाडीला 'ओढ नाही' ही तक्रार कित्येकदा नुसता सायलेन्सर साफ केल्याने मिटते.

पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक तेल लिटरला ४० मिलिलिटर, म्हणजे पंचविसाला एक. कॉक उघडला. कार्बोरेटरवरची बारीक कळ पेट्रोल ओघळेपर्यंत दाबून धरली. चावी बंद ठेवून चार-पाच सावकाश किका, म्हणजे मिश्रण भात्यातून वर चढतं आणि बेअरिंगला तेल पोहोचतं. मग चावी. सातव्या किकला गाडी एकदा खोकली, नवव्या किकला चालू झाली. पडवी धुराने भरली. पहिल्या दहा मिनिटांत तो धूर बघून घाबरू नये. सिलिंडरमध्ये आपणच ओतलेलं तेल जळत असतं. नंतरही पांढरा लोट थांबला नाही, तर सील.

बोर केला असेल तर पहिले काही शे किलोमीटर गाडी पळवू नये. नवी रिंग आणि नवी भिंत दोन्ही खडबडीत असतात, ती एकमेकांना घासून आपापली जागा करून घेतात. थोडं चालवावं, पूर्ण गार होऊ द्यावं, पुन्हा चालवावं.

कागद

यंत्राइतकीच कागदांचीही देखभाल लागते. दुचाकीची नोंदणी पहिल्यांदा पंधरा वर्षांसाठी असते. त्यानंतर आरटीओत गाडी दाखवून दर पाच वर्षांनी ती वाढवून घ्यावी लागते, आणि महाराष्ट्रात पर्यावरण करही भरावा लागतो. पन्नास वर्षांपुढच्या, मूळ रूपात जपलेल्या गाड्यांसाठी २०२१मध्ये केंद्राने वेगळी नोंदणी आणली. तिच्या नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' येतं. नवी नोंदणी २०,००० रुपयांची असून दहा वर्षं चालते, पण त्या नंबरवर गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. ज्याला गाडीवरून भाजी आणायची आहे त्याने जुनीच नोंदणी जिवंत ठेवलेली बरी. इंजिनावरचा आणि चौकटीवरचा नंबर आरसी बुकाशी जुळतो का, हे गाडी घेण्याआधी बघावं. जुळत नसेल तर ती कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये.

तुमच्या घरी, गावाकडच्या गोठ्यात किंवा सोसायटीच्या जिन्याखाली अशी एखादी गाडी उभी असेल, तर ती दुरुस्त करायला तुम्हाला दोन वर्षांनी सवड मिळेल, कदाचित दहा वर्षांनी. तोवर एवढं करून ठेवा. किक मारू नका. टाकीतलं उरलेलं पेट्रोल मोकळ्या हवेत काढून टाका. प्लग काढून भोकातून दोन चमचे इंजिन ऑइल सोडा आणि प्लग परत लावा. सायलेन्सरच्या तोंडात तेलात भिजवलेला कापडाचा बोळा बसवा. बॅटरी काढा. चाकं जमिनीवरून उचलून विटांवर ठेवा. आणि आरसी बुक कुठल्या ट्रंकेत आहे ते घरातल्या मोठ्या माणसांना आजच विचारून घ्या.